चेरीचं टेबल गडद करायचंय: स्टेन की तेल?

पाटावरवंटा: चेरीच्या लाकडाचं जेवणाचं टेबल रंधून तयार आहे. आत्ता फिकट गुलाबी दिसतंय. जुन्या चेरीचा तांबूस तपकिरी रंग हवा. उरलेल्या तुकड्यावर वॉलनट स्टेन (लाकडात मुरणारा अक्रोडी रंग) मारला तर डाग डाग उठले. वर पाणी सांडणार, गरम भांडी येणार. काय लावावं?

रंधा_१२: स्टेन नकोच. चेरीचे तंतू जिथे वळतात तिथे लाकूड रंग जास्त पितं, म्हणून डाग. शिवाय चेरी उजेडाने आपोआप गडद होते. आज स्टेनने हवी तशी छटा आणलीत, तर वर्षभरात ती त्याहून काळपट होईल.

फिनिशआधी टेबल दोन-तीन आठवडे उन्हात किंवा भरपूर उजेडात ठेवा, रोज फिरवत राहा. वर काही ठेवू नका. फुलदाणी ठेवलीत तर तिच्याखालचा गोल फिकाच राहतो.

चपडालाख: सहमत. त्यानंतरचा क्रम असा. पॉलिश पेपर १५० मग २२०. टोकाकडच्या आडव्या कापाला ३२०, नाहीतर तो भाग काळा पडतो. बॉइल्ड लिनसीडचा (लवकर वाळणाऱ्या जवसाच्या तेलाचा) एकच हात, १५ मिनिटांनी सगळं पुसून काढा. लाकडाच्या रेषा इथेच उठून दिसतात. तेलाचा वास जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, थांबा. मग मेण काढलेल्या गार्नेट चपड्याचे (गडद तांबूस लाखेचे) दोन पातळ हात, एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा. ऊबदार तांबूस छटा याच थरातून येते. मेणासकट चपडा वापरलात तर वरचं पीयू (पॉलियुरेथेन वॉर्निश) नीट धरत नाही.

पण चपडा वरचा थर म्हणून टेबलावर चालत नाही: गरम भांड्याने पांढरा पडतो, दारूने विरघळतो. म्हणून त्यावर ऑइल-बेस पीयू, निम्मं टर्पेंटाइन घालून, फडक्याने पाच-सहा हात. दोन हातांत एक रात्र, मधे ४०० ने हलकं घासा. वॉटर-बेस पीयू टाळा, रंग थंड दिसतो. आणि पीयू असलं तरी तव्याखाली मॅट हवीच.

पाटावरवंटा: एका फळीच्या कडेला पांढरट पट्टा आहे, तोही गडद होईल ना?

रंधा_१२: नाही. तो सालीलगतचा भाग, उजेडाने फारसा बदलत नाही. फळी बदलता येत असेल तर बदला. नाहीतर ऊन दाखवून झाल्यावर, तेलाआधी, फक्त त्या पट्ट्यावर स्पिरिटमधला डाय अगदी पातळ करून बारीक ब्रशने दोन-तीनदा द्या. आधी तुकड्यावर जुळवून बघा. पोटॅशियम डायक्रोमेटने लाकूड झटपट गडद होतं असं कुणी सुचवेल. ते विषारी आणि कर्करोगकारक आहे, नादी लागू नका.

चपडालाख: राहिलंच: लिनसीड पुसलेले फडक्याचे बोळे चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर एकेरी पसरून कडक वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.