माळेगावच्या यात्रेतून आणलेली घोडी कानाला हात लावू देत नाही

प्रश्न (परभणी जिल्हा)
नमस्कार. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून मी चार वर्षांची घोडी विकत घेतली. पूर्वी ती वरातीसाठी वापरली जात असे आणि तिथे तिला कान पिरगळून उभी करत, असे नंतर समजले. खरारा ती शांतपणे करून घेते, चंदीही नीट खाते. परंतु हात मानेच्या वर सरकला की डोके उंच करून हिसका देते. मागच्या आठवड्यात दोघांनी धरून लगाम चढवला, तेव्हापासून मी तबेल्यात शिरताच ती कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवते. एक दिवस उपाशी ठेवा, ताळ्यावर येईल, असे गावातील जाणते सांगतात. माझे मन तयार होत नाही. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर (बीड जिल्हा)
आपले मन बरोबर सांगत आहे. लगाम काही दिवस खुंटीवरच राहू द्या. कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे घोड्याला दिसत नाही, म्हणून बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जवळ जावे. जिथे तिला हात चालतो तिथून तो सावकाश वर न्यावा आणि तिची कातडी ताठ होते त्या जागेच्या चार बोटे अलीकडे थांबावे. ती श्वास सोडेल किंवा मान खाली करेल, त्याच क्षणी हात काढून घ्यावा. हिसका दिल्यावर हात काढला, तर हिसक्यानेच सुटका होते हे ती शिकते. सारा फरक या एका क्षणात आहे. एकदा घाईत मी थोडा पुढे गेलो आणि आठ दिवसांची मेहनत वाया गेली. रोज दहा मिनिटे पुरेत, मात्र वेळ तीच आणि माणूसही तोच असावा.

उत्तर (पशुवैद्यक, लातूर)
वरील सल्ला योग्य आहे, तथापि आधी दुखणे तपासावे. कानात गोचीड किंवा जखम आहे का ते पाहावे आणि दातही तपासून घ्यावेत. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या की गालाला आतून जखमा होतात आणि लगामाची कडी तोंडात येताच घोडे डोके उचलते. उपाशी मात्र मुळीच ठेवू नये. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, त्यामुळे पोट रिकामे राहिल्यास व्रण होतात. पोटशूळ उठला तर त्याला उलटीही करता येत नाही. थोडा थोडा कोरडा चारा दिवसभर समोर असावा. पाणी दिवसाला २० ते ४० लिटर लागते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही अधिक.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनंतर)
दोघांचेही मनापासून आभार. डाव्या गालाला आतून जखम निघाली. डॉक्टरांनी दाढांच्या कडा कानशीने घासून दिल्या. लगाम अजून खुंटीवरच आहे. काल सायंकाळी बोटांची मागची बाजू डाव्या कानाच्या मुळाशी टेकवली, तेव्हा तिने मान खाली सोडली आणि मी लगेच हात काढून घेतला. त्यावर तिनेच वळून माझ्या खिशाजवळ नाक आणले. उजव्या कानाकडे मी अजून गेलेलो नाही.