मुतखडा परत होऊ नये म्हणून तुम्ही काय करता? अनुभव सांगा

गंगावेशकर:
काल रात्री शेजारच्या पोराला कळ आली. जिन्यात गडबडा लोळत होतं. त्याची आई "परत झालं की ओ" म्हणून रडायला लागली, आणि मला माझं दुखणं आठवलं. दुर्बिणीनं खडा काढल्यावर घरचे म्हणाले, सुटलास. डॉक्टर म्हणाले, काळजी घेतली नाही तर ५ ते १० वर्षांत निम्म्या लोकांना पुन्हा होतो. ज्यांनी थोपवलाय त्यांनी लिहा, पोराला दाखवतो.

शिरोलीची भट्टी:
फौंड्रीत मेल्टिंगला आहे. एवढा घाम जातो की पाळीभर लघवीला जावंच लागत नाही, खडा तिथंच धरतो. आमचे डॉक्टर पाणी मोजत नाहीत, दिवसाला लघवी अडीच लिटर व्हायला पाहिजे म्हणतात. सुट्टीला कॅनमध्ये साठवून मोजली तेव्हा कळलं निम्मीपण होत नाही. आता बाटली भट्टीजवळच, आणि झोपताना एक तांब्या. रात्री उठावं लागतं, लागू दे.

सईची आई:
कुणी दूध बंद केलंय का? सासूबाईंनी ह्यांचं दूध-दही तोडलं होतं, कॅल्शियमचा खडा म्हणून. डॉक्टर चिडले. जेवणातलं कॅल्शियम पालकातल्या ऑक्झलेटला (कॅल्शियमचा खडा बहुतेक ह्याच्याशीच मिळून होतो) आतड्यातच धरतं आणि दोन्ही शौचावाटे जातं. दूध तोडलं की ऑक्झलेट मोकळं, ते लघवीत उतरतं. आता दुधाच्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण पितात.

रंकाळावाले काका:
ताई, दूध तापवूनच द्या हो.

पांढरा_तांबडा:
मटण बंद म्हणू नका फक्त 🙏

गंगावेशकर:
भावा, बंद नाही, आठवड्यातनं एकदा, बेतानं. त्याच्यापेक्षा मीठ बघ. मीठ जास्त झालं की लघवीतनं कॅल्शियम जास्त जातं. आमच्यात खर्डा, पापड, लोणचं तिन्ही एका ताटात असायचं.

उजळाईवाडी:
खडा पडला तर टाकू नका!! चहाच्या जुन्या गाळणीत लघवी गाळायची, सापडला की लॅबला द्यायचा. माझा युरिक ॲसिडचा निघाला. त्याला पोटॅशियम सायट्रेट दिलं, लघवीचा आम्लपणा कमी होतो, असला खडा विरघळतोसुद्धा. कॅल्शियमचा नाही विरघळत. कसला खडा ते कळल्याशिवाय पथ्य कसलं पाळणार?

काका:
आमच्यात हुलग्याचं माडगं देतात.

सईची आई:
आम्हीपण. त्यानं खडा विरघळत नसेल, पण पातळ असतंय, पोटात पाणी जातं. पीठ कुठं चांगलं मिळतं?

मेडिकलवाली:
दुकानात रोज विचारतात म्हणून सांगते. हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीतनं जाणारं कॅल्शियम कमी करणारी गोळी, खडा परत होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं देत आलेत, पण २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या चाचणीत साध्या खोट्या गोळीपेक्षा खडे परत होणं फारसं कमी झालं नाही. चालू असेल तर मनानं सोडू नका, डॉक्टरांना विचारा. आणि सायट्रेट ऐकीव माहितीवर घेऊ नका, किडनी कमजोर असली किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असल्या तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, ते हृदयावर येतं. लिंबूपाणी घ्या, मीठ न घालता.

शिरोलीची भट्टी:
मीठ न घालता?? घाम गेल्यावर आम्हाला कंपनीत मीठ-साखरेचंच देतात. विचारतो डॉक्टरांना.

काका:
सईच्या आई, लक्ष्मीपुरीच्या बाजारात अख्खे हुलगे घ्या, भाजून गिरणीतनं आणा. तयार पिठाला ती चव नाही.