रात्रीचा फरसाणचा डबा आणि हलका व्यायाम: कुणाचा अनुभव आहे का?

डेबिटक्रेडिट:

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४३, उंची पाच फूट तीन इंच, वजन ७५ किलो. राहायला धनकवडीत, नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, अकाउंट्समध्ये. सकाळी स्वारगेटपर्यंत बस, तिथून मेट्रो, नाशिक फाट्याला उतरून पुढे शेअर रिक्षा. संध्याकाळी तेच उलट. कामाचं सांगायचं तर दर महिन्याला कंपनीचे कर आणि त्यांची विवरणपत्रं भरायच्या तारखा: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. मधले दिवस याची तयारी करण्यात आणि साहेबांचं ऐकण्यात जातात.

त्रास रात्रीचा आहे. जेवणं झाली, ओटा पुसला, सगळे आपापल्या खोलीत गेले की मी स्वयंपाकघरात उभी राहून खाते. फरसाण, शेव, मुलाची बिस्किटं, काहीच नसेल तर गूळ-शेंगदाणे. भूक नसते. २० तारीख जवळ आली की जास्तच. दिवा न लावताही डबा कुठे आहे ते हाताला कळतं.

जिम लावून झालं. तिथला मुलगा उड्या मारायला लावायचा, गुडघे धरले, आणि घरी आल्यावर इतकी भूक लागायची की दुप्पट जेवण व्हायचं. सोडलं. आता ऑफिसातली एक मैत्रीण म्हणतेय की हलका व्यायाम कर, श्वासाकडे, पावलांकडे लक्ष देऊन चाल, खा-खा कमी होईल. याने खरंच वजन उतरतं का, की नुसतंच मनाचं समाधान?

कृपया 'कमी खा' हा सल्ला देऊ नये. तो मला घरात फुकट मिळतो.

पेठेतला:

डबाच घरात आणू नका. विषय संपला. (कमी खा असं म्हटलेलं नाही, याची नोंद घ्यावी.)

डेबिटक्रेडिट:

@पेठेतला, सासऱ्यांना चहाबरोबर शेव लागते. त्यांचं वय ७८. तुम्ही येऊन सांगता का त्यांना?

पेठेतला:

नको. शेव राहू द्या.

निवृत्त कॅशियर:

ताई, तुमच्या तारखा वाचून आमच्या शाखेतले ३१ मार्च आठवले. ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, आणि नऊ वाजले की मॅनेजर वडापाव मागवायचे. भूक एकालाही नसायची, पण पुडा टेबलावर आला की दहा मिनिटांत नुसता तेलकट कागद उरायचा. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

आधी वजनाचं बोलते, कारण त्यात लोकांना फार फसवलं जातं. ७५ किलोच्या बाईने साध्या चालीने अर्धा तास चाललं तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. तळलेल्या फरसाणची एक मूठ म्हणजे जवळपास तेवढ्याच. तुम्ही अकाउंट्सवाल्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको: हे खातं नुसत्या चालण्याने कधीच जुळणार नाही. चालून फरसाण 'जाळायचं' हे डोक्यातून काढून टाका. चालायचं ते डबा उघडण्याच्या आधी, आणि तो उघडावासाच कमी वाटावा म्हणून.

ही नुसती माझी समजूत नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात २०१२ साली रोज चॉकलेट खाणाऱ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना पंधरा मिनिटं भरभर चालवलं, काहींना बसवून ठेवलं. मग सगळ्यांना टेबलापाशी काम दिलं आणि शेजारी चॉकलेटची वाटी ठेवली. चालून आलेल्यांनी साधारण निम्मंच खाल्लं. काम सोपं दिलं काय नि अवघड दिलं काय, तेच. आता हा एका वेळच्या चालण्याचा प्रयोग आहे, त्यावरून वर्षात किती किलो उतरतील ते कुणी सांगू नये. पण पंधरा मिनिटांत हात थोडा आवरतो एवढं त्यातून दिसतं, आणि तुम्हाला सध्या तेवढंच हवंय.

म्हणून माझ्या मते व्यायाम कोणता यापेक्षा तो किती वाजता हे महत्त्वाचं. सकाळी साडेपाचला टेकडीवर जाणाऱ्यांचं कौतुक आहे, पण तुमचा डबा रात्री उघडतो. सकाळच्या व्यायामाचा त्या वेळी काय उपयोग? स्वारगेटहून बस धरता ना, ती पद्मावतीला सोडा. सातारा रोडच्या कडेने चालू नका, धूर आणि हॉर्न, त्याने डोकं आणखी भणभणेल. आतल्या गल्ल्यांनी घरी या. पंधरा-वीस मिनिटं होतात. ऑफिस तिथेच कुठेतरी गळून पडतं. आणि रात्री ओटा पुसून झाला की स्वयंपाकघराचा दिवा बंद करून तडक गच्चीवर. आपल्याकडे शतपावली होतीच की, तिला आता परदेशातून नवीन नावं येताहेत.

लक्ष देऊन चालायचं म्हणजे काय, तर फार अवघड काही नाही. मोबाइल घरी. कानात काही घालायचं नाही, अभंगसुद्धा नाही. टाच टेकली, चवडा टेकला, अंगठ्याने जमीन मागे ढकलली, एवढंच बघायचं. उन्हाळ्यात मी गच्चीवर अनवाणी चालते. टाकीच्या बाजूची फरशी गार असते, लिफ्टच्या खोलीपाशी दिवसभराचं ऊन अजून धरून असते, त्यामुळे डोळे मिटले तरी कुठे आहे ते तळपायांना कळतं. तीन पावलांत श्वास आत, पाच पावलांत बाहेर. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की छातीतली धडधड उतरते. दम लागला तर पावलं कमी करा, ओढूनताणून नको. सुरुवातीला डोक्यात ३बीच चालू राहील. राहू दे. लक्षात आलं की परत पावलाकडे यायचं. न चिडता यायचं, यातच सगळं आलं, कारण स्वतःवर चिडलं की आपण पुन्हा डब्याकडे जातो.

आणि खाणं बंद करू नका. उभ्याने खाणं तेवढं बंद करा. गच्चीवरून खाली आल्यावरही खावंसं वाटलं तर एक बाकरवडी ताटलीत घ्या आणि टेबलाशी बसा. एकदम तोंडात टाकू नका, अर्धी तोडा. आधी वरचं कडक कवच कुडकन मोडतं, मग तीळ-खसखस दातांत येते, मग आंबटगोड, आणि तिखट सगळ्यात शेवटी घशाशी. अंधारात मूठ भरून खाल्लं की यातलं काही म्हणजे काहीच कळत नाही, म्हणून तर ती मूठ पुरत नाही. मला पुष्कळदा दुसरी नको वाटते. कधी हवी वाटते, मग खाते.

माझं वजन यात फार हळू उतरलं. चालण्याने कमी, रात्रीची खा-खा घटल्याने जास्त. पण उतरलं ते परत चढलं नाही.

गुडघेदुरुस्ती:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या काकूंनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी गुडघ्यांपुरतं लिहिते.

उत्साहाच्या भरात लगेच पर्वती धरू नका. १०३ पायऱ्या चढताना काही वाटत नाही, उतरताना कळतं, कारण उतरताना गुडघ्याच्या वाटीवर भार जास्त येतो. तळजाई तुमच्या जवळ आहे, तिथे सपाट वाटांवरून चाला. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंसाठीचा व्यायाम सांगते. दुसरा भाग बायका हमखास गाळतात. साधी, न हलणारी खुर्ची घ्या, हात न टेकता उठा आणि शक्य तितकं सावकाश बसा. धपकन बसायचं नाही. मांड्या थरथरल्या पाहिजेत, गुडघा दुखता कामा नये. दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २९ च्या वर येतो. आपल्याकडे २३ नंतर वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा, पण मी काट्याहून कंबरेचा टेप जास्त मानते. बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत राहणं चांगलं. एकदा साखर आणि थायरॉइड तपासून घ्या.

एक विचारते, राग मानू नका. दुपारी जेवल्यावर रात्रीपर्यंत पोटात काय जातं?

डेबिटक्रेडिट:

एकला डबा. नंतर तीन चहा. मग थेट साडेआठला जेवण.

गुडघेदुरुस्ती:

मग रात्रीच्या त्या खाण्यात थोडी खरी भूकही आहे, सगळं खापर मनावर फोडू नका. पाचच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एखादं उकडलेलं अंडं खाऊन बघा. झोपही बघा. झोप कमी झाली की भूक वाढते, आणि ती वरण-भाताची नसते, तळलेल्याची आणि गोडाची असते.

आणखी एक. खाताना हात थांबतच नाही असं वाटत असेल, पोट दुखेपर्यंत, लपूनछपून, नंतर स्वतःची किळस येईपर्यंत खाणं वारंवार होत असेल, तर त्याला चालणं पुरत नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइनही आहे, मराठीत बोलता येतं.

लोड-तक्क्या:

पाऊस असला, पाळी असली, पाय गळून गेले असले तर चालणं होत नाही. त्या दिवसांसाठी लिहितो.

मॉडेल कॉलनीत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे, त्यामुळे पुण्यात साधनांच्या आधाराने आसनं शिकवणारे बरेच भेटतात. मी हिंजवडीहून घरी आलो की विपरीत करणी करतो. लोड नसेल तर दोन सोलापुरी चादरींची घट्ट वळकटी करा, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. कुशीवर वळून कंबर वळकटीवर आणा आणि पाय भिंतीला वर लावून ठेवा. पोट सैल. डोळ्यांवर ओढणीची घडी. दहा मिनिटं पुरतात. सुरुवातीला पोटऱ्यांना मुंग्या येतात, तसं झालं तर गुडघे वाकवून पाय दुमडा. रक्तदाब वाढलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि पाळीत हे न करता सुप्त बद्धकोनासन करतात, म्हणजे पाठीखाली तीच वळकटी लांबट ठेवून उताणं पडायचं, तळवे एकमेकांना जुळवायचे आणि गुडघे बाजूंना सोडायचे. गुडघे दुखतात म्हणताय, तेव्हा दोन्ही मांड्यांखाली उशा घ्या. पहिल्यांदा कुणाकडून तरी बघून शिका, नुसतं वाचून करू नका.

जेवल्यावर लगेच करू नये. मी स्वयंपाकाच्या आधी करतो. मुलगी विचारते बाबा भिंतीवर का चढलाय, पण त्या वेळात मला कुणी काम सांगत नाही, हा मोठाच फायदा.

डेबिटक्रेडिट:

सगळ्यांचे मनापासून आभार. पद्मावतीला उतरून चालत यायला लागले आहे. एका गल्लीत कुणाच्या तरी अंगणात अनंताचं झाड आहे, त्याचा वास वळणाच्या आधीच येतो, हे इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. रात्रीचा डबा बंद झालेला नाही. पण परवा उघडला आणि वाटीत काढून बसून खाल्लं, मग वाटी पूर्ण संपली नाही.

@निवृत्त कॅशियर, एक अडचण. चालत आले की घरी पोचायला उशीर होतो आणि पोळ्या माझ्यासाठी खोळंबतात. घरात त्यावरून कुरबुर सुरू झालीय. काल मी वैतागून बसनेच आले, आणि रात्री व्हायचं ते झालं.

निवृत्त कॅशियर:

पोळ्या केंद्रातून आणा. धनकवडीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, तुमच्या वाटेवरच एखादं असेल. निदान ७ ते २० तारखेपर्यंत. घरी सांगा की डॉक्टरांनी सांगितलंय. फिजिओ म्हणजे डॉक्टरच, आणि इथे त्यांनी लेखी दिलंय.

मुलगा केवढा आहे? बिस्किटं खायच्या वयाचा असला तर कणीक भिजवायच्या वयाचाही असेल.

डेबिटक्रेडिट:

सोळा.

निवृत्त कॅशियर:

मग विचारताय काय!