नौका जेटीला बांधण्यासाठी दोर कोणता आणि किती लांबीचा घ्यावा?

प्रश्न : खाडीकाठचा

नमस्कार. माझी २६ फुटी फायबरची नौका रायगड जिल्ह्यातील एका खाडीत, काँक्रीटच्या पक्क्या जेटीला बांधलेली असते. आउटबोर्ड इंजिन आहे आणि वापर घरच्यांपुरताच आहे. गेल्या अमावास्येला पहाटे जेटीवर गेलो, तेव्हा ओहोटी पूर्ण झाली होती आणि नौका पुढच्या दोराला टांगल्यासारखी लटकत होती. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वर आणि पिछाडी पाण्यात. मी दोर कापण्यासाठी सुरी शोधत होतो, तेवढ्यात पुढचे क्लीट (दोर अडकवण्याची नौकेवरची खुंटी) स्क्रूंसकट उपटले गेले आणि त्याच्याबरोबर तळहाताएवढा फायबरचा तुकडाही निघाला. दोर मात्र शाबूत राहिला. तो हिरव्या रंगाचा, १२ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर असून जाळ्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातून मी तो किलोवर घेतला होता.

आता क्लीट नव्याने बसवताना दोरही बदलावेत असे वाटते. १६ किंवा १८ मिलिमीटरचा दोर घ्यावा काय? एकूण किती दोर लागतील आणि प्रत्येकाची लांबी किती ठेवावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त बोसन

आपला दोर नायलॉनचा नसावा, अशी मला दाट शंका आहे. आपल्याकडे दुकानदार प्लास्टिकच्या कोणत्याही दोरीला नायलॉनच म्हणतो, आणि किलोवर मिळणारा हिरवा किंवा निळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्याचा वीतभर तुकडा बादलीभर पाण्यात टाकून पाहा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगते, तर नायलॉन आणि पॉलिएस्टर हे दोन्ही बुडतात.

हा फरक केवळ नावाचा नाही. धक्क्याला बांधलेल्या नौकेला लाटेचे हिसके सतत बसत असतात, आणि तो हिसका दोराने स्वतः ताणून घेतला नाही तर तो थेट क्लीटवर जातो. म्हणूनच या कामासाठी नायलॉन, आणि तोही तीनपेडी वळाचा, सर्वांत योग्य समजला जातो, कारण तो चांगला ताणला जातो आणि पुन्हा मूळ लांबीवर येतो. पॉलिएस्टर घर्षणाला आणि उन्हाला चांगला टिकतो, पण कमी ताणला जातो. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने लवकर कुजते. पेड उकलून पाहिला की त्याची भुकटी बोटांना लागते.

जाडीबद्दल सांगायचे, तर दर नऊ फूट लांबीला एक सूत, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर जाडी, हा जुना ठोकताळा आहे. आपल्या नौकेला त्या हिशेबाने नऊ-दहा मिलिमीटर पुरेल, तेव्हा १२ मिलिमीटर घेतल्यास काळजीचे कारण नाही. नव्या १२ मिलिमीटर तीनपेडी नायलॉनची तुटण्याची ताकद साधारण तीन टन असते. ओला झाल्यावर त्यातील दहा ते पंधरा टक्के कमी होते, आणि गाठ मारल्यास त्याहून बरीच अधिक. १८ मिलिमीटरचा दोर आपल्या हलक्या नौकेच्या वजनाने ताणलाच जाणार नाही, आणि मग नायलॉनसाठी मोजलेले पैसे वाया जातील.

एक सूचना मात्र आवर्जून देतो. ताणलेला नायलॉन तुटला तर आसुडासारखा उलटा येतो, त्यामुळे ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, मुलांनी तर मुळीच नाही.

उत्तर : ओळंबा

वरील सर्व मान्य आहे, परंतु आपली नौका लटकली त्याला दोराचा प्रकार नव्हे, तर त्याची लांबी आणि दिशा कारणीभूत आहे. मुंबईच्या अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यानुसार उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, सरासरी भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६ मीटर आहे. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, हेच आकडे ३.३० आणि १.८६ असे आहेत. आपण अष्टमीनंतरच्या दिवसांत दोर बांधला असेल, तर तेव्हा ओहोटीलाही तो पुरेसा वाटला असणार. अमावास्येला पाणी त्याहून १.१० मीटर अधिक खाली गेले आणि दोर संपला. आपल्या खाडीतील आकडे थोडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच.

आता क्लीट उधाणाच्या भरतीला जेटीवरच्या खुंट्यापेक्षा अर्धा मीटर खाली असते असे धरा. म्हणजे ओहोटीला ते ४.१६ मीटर खाली जाईल. खुंटा दीड मीटर अंतरावर असेल तर भरतीला १.५८ मीटर दोर लागतो आणि ओहोटीला ४.४२ मीटर. ओहोटीच्या मापाने दोर सोडला तर भरतीला जवळजवळ तीन मीटर ढील पडते आणि नौका जेटीवर आपटत राहते. भरतीच्या मापाने बांधला तर जे आपण पाहिले ते घडते. तोच दोर आठ मीटरवरच्या खुंट्याला नेला, तर भरतीला ८.०२ आणि ओहोटीला ९.०२ मीटर लागतो. फरक फक्त एक मीटर!

म्हणून नाळेच्या क्लीटपासून मागे, पिछाडीजवळच्या खुंट्यापर्यंत एक आणि पिछाडीच्या क्लीटपासून पुढे, नाळेजवळच्या खुंट्यापर्यंत दुसरा, असे दोन तिरपे दोर घ्यावेत. त्यांना स्प्रिंग म्हणतात, आणि पक्क्या जेटीवर खरी भिस्त त्यांच्यावरच असते. नाळेचा दोर आणखी पुढच्या खुंट्याला व पिछाडीचा आणखी मागच्या खुंट्याला न्यावा. चारही दोर प्रत्येकी १२ मीटर घेतले तर बांधायला हातभर उरतो. तक्त्यातील आकडे सरासरी आहेत आणि मोठ्या उधाणाला पाणी याच्याही खाली जाते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

खाडीकाठचा

दोघांचेही आभार. तुकडा बादलीत टाकला. तो बुचासारखा तरंगला. जेटीवर चार खुंटे असून टोकाच्या दोघांमधील अंतर १४ मीटर भरले, त्यामुळे स्प्रिंग नीट बसतील, पण पुढचा आणि मागचा दोर तीन मीटरच्या पलीकडे जात नाही. शिवाय एक प्रश्न असा, की येथील सर्व मच्छीमार नौका पॉलिप्रॉपिलीननेच बांधलेल्या दिसतात. त्यांचे कसे चालते?

उत्तर : निवृत्त बोसन

त्यांचे चालते, कारण त्या नौका एकमेकींना खेटून उभ्या असतात, त्यांच्यावर बहुधा कोणी ना कोणी खलाशी असतो आणि दोर खराब झाला की तो लगेच बदलला जातो. तरंगणारा दोर इंजिनाच्या पंख्यात अडकण्याची भीतीही कमी असते. आपली नौका आठवडाभर एकटी असते, म्हणून आपल्याला तो हिशेब लागू पडत नाही.

पुढचा व मागचा दोर आखूड पडत असेल तर जेटीकडच्या क्लीटऐवजी खाडीकडच्या बाजूच्या क्लीटपासून आणावा, म्हणजे नौकेच्या रुंदीएवढी लांबी वाढते. तरीही ते दोन उधाणाच्या ओहोटीच्या मापानेच सैल ठेवावेत आणि नौका जागेवर धरण्याचे काम स्प्रिंगवर सोपवावे. नव्या क्लीटला स्क्रू नकोत. आरपार बोल्ट घालून खालून स्टीलची पट्टी द्यावी.

जेटीच्या काँक्रीटच्या कडेवर दोर घासतो तेथे रबरी नळी चढवण्याची पद्धत आहे, पण ती मला पसंत नाही. वारंवार ताणला जाणारा नायलॉन आतून तापतो आणि नळीत त्याला पाणी मिळत नाही. जाड कॅनव्हास दुहेरी गुंडाळून शिवून टाकावे. खुंट्याकडच्या टोकाला गाठीऐवजी पेड विणून कायमचा फास करून घ्यावा. कोणत्याही बंदरावर एखादा जुना तांडेल तो अर्ध्या तासात करून देईल.

उत्तर : ओळंबा

पावसाळ्याचे राहिले. मे संपण्यापूर्वी नौका वर ओढून शाकारून ठेवावी. निसर्ग चक्रीवादळ २०२० साली ३ जूनलाच अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले होते, त्यामुळे जूनचा पहिला आठवडाही गृहीत धरू नये.

खाडीकाठचा

१२ मिलिमीटरचे ५० मीटर तीनपेडी नायलॉन सांगून ठेवले आहे, आणि दुकानात त्याचा तुकडाही बादलीत टाकून पाहिला. बुडाला. येत्या पौर्णिमेच्या ओहोटीला जेटीवर टेप घेऊन जातो आणि खुंट्यापासून क्लीटपर्यंतची मापे येथे लिहितो.