रॉचं रेटिंग आणि तीन तासांचं ओझं

वर दोघांनी लिहिलंय की स्टीव्ह ऑस्टिन आणि द रॉक हे स्टार पैलवान गेले आणि रॉचं, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या सोमवारच्या कुस्ती शोचं, टीव्ही रेटिंग कोसळलं. मला हे अर्धंच पटतं. १० मे १९९९ ला रॉने ८.१ गाठलं खरं, पण त्या रात्री समोर डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीची नायट्रो ही मालिका नव्हतीच. तो आकडा कायमचा मापदंड धरणं बरोबर नाही.

त्याआधी नायट्रोने रॉला सलग ८३ आठवडे मागे टाकलं तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूईच्या मालकाला, मॅकमहनला, नवं काही करणं भागच होतं. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली, आणि ती गरज संपली. त्यात २०१२ पासून रॉ तीन तासांचा केला. दर सोमवारी तीन तास पुरेल एवढी कथा आणायची कुठून? मग त्याच जोड्या, त्याच लढती, अधूनमधून लांबलचक भाषणं. चांगल्या चांगल्या पैलवानांची यात माती झाली, याचा मला आजही राग येतो.

आपल्याकडे तर बघण्याची सवयच बदलली. ठाण्यात किसननगरला आमच्याकडे टेन स्पोर्ट्स लागलं की दारात चपलांचा ढीग पडायचा. आता भाचा ऐरोलीहून लोकलने येताना रोमन रेन्सची एन्ट्री मोबाइलवर बघतो आणि लढत सुरू व्हायची घंटा वाजली की पुढच्या व्हिडिओवर जातो. एप्रिल २०२५ पासून भारतात हे सगळं नेटफ्लिक्सवर आहे, म्हणजे टीव्हीच्या रेटिंगमध्ये भाचा धरलाच जात नाही. अमेरिकेतही रॉ जानेवारी २०२५ पासून तिकडेच गेला. त्यामुळे घसरणीवर बोलायचंच तर २०२४ पर्यंतचे आकडे घ्या.