मोजणे, काढणे, ताडणे : बुधाच्या गाभ्यासाठी कोणते क्रियापद?

प्रश्न : ‘मेसेंजर यानाने बुधाचे गुरुत्वाकर्षण मोजून गाभ्याचा आकार शोधला.’ या वाक्यात ‘मोजून’ बरोबर आहे का? आणि ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’साठी ‘जडत्व आघूर्ण’ लिहावे का?

उत्तर : ‘मोजून’ नको. कक्षेतले यान सतत मुक्तपणे पडत असते, त्यामुळे त्यावरच्या त्वरणमापीला (वेगातला बदल टिपणाऱ्या उपकरणाला) ग्रहाचे गुरुत्व जाणवतच नाही. मोजली जाते ती रेडिओ लहरीची वारंवारता. पृथ्वीवरून लहर धाडतात, यान ती ठरलेल्या गुणोत्तरात बदलून परत पाठवते. खालचा खडक जड असेल तर यानाचा वेग किंचित बदलतो आणि परतलेल्या लहरीत तो फरक दिसतो. ८.४ गिगाहर्ट्‌झला सेकंदाला १ मिलिमीटर एवढा वेगबदल झाला, तर जाऊन-येऊन फरक पडतो सुमारे ०.०५६ हर्ट्‌झ. मेसेंजरच्या नोंदी याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास अचूक होत्या.

त्यापुढचे काम ‘काढण्याचे’. सूर्याची व इतर ग्रहांची ओढ, सूर्यप्रकाशाचा दाब, बुधाच्या तापलेल्या जमिनीतून येणारे अवरक्त प्रारण हे सगळे धरून यानाची कक्षा गणिताने मांडतात. प्रत्यक्ष वारंवारतेशी ती जुळवल्यावर जी शिल्लक उरते, तिच्यातून गुरुत्वक्षेत्राचे सहगुणक, म्हणजे कुठे ओढ किती ते सांगणारे आकडे, निघतात. इथेच घोटाळे होतात. यानाची दिशा सांभाळणारी आतली चाके मंदावण्यासाठी थ्रस्टर (छोटी इंजिने) उडवले, की तो धक्का स्वतंत्र धरावा लागतो. नाहीतर तो गुरुत्वाच्याच खात्यात जमा होतो. बुध सूर्याच्या पलीकडे गेला, की लहर सौर प्लाझ्मातून येते आणि नोंदी इतक्या गढूळ होतात की त्या दिवसांच्या बऱ्याचशा सोडून द्याव्या लागतात.

‘संपूर्ण बुधाचा गुरुत्व नकाशा’ असेही सरसकट लिहू नये. सुरुवातीची कक्षा उत्तरेकडे सुमारे २०० किमी उंचीवर होती, दुसऱ्या टोकाला सुमारे १५,२०० किमी. जेवढ्या उंचीवरून यान जाते, साधारण तेवढ्याच रुंदीचे तपशील सुटे दिसतात. त्यामुळे उत्तर बारकाईने कळते, दक्षिण ढोबळच राहते.

दुसरे उत्तर : ‘आघूर्ण’ हा हिंदीतला शब्द. मराठीत ‘जडत्व परिबल’ किंवा जुन्या परिभाषेतले ‘निरूढी परिबल’. ‘परिबल’ शब्दात बल दिसते, पण इथे बलाचा संबंध नाही. वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे, एवढेच तो सांगतो. ग्रहाचे वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागले, की एककाशिवायचा आकडा मिळतो. आतून एकजिनसी गोळ्याचा ०.४. चंद्राचा ०.३९३, मंगळाचा ०.३६४, पृथ्वीचा ०.३३१. वस्तुमान जितके मध्याशी गोळा झालेले, तितका आकडा लहान.

बुधाचा आकडा मात्र एकट्या गुरुत्वातून निघत नाही. त्याला अक्षाचा कल (सुमारे २ कलामिनिटे; कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, कलासेकंद त्याचाही साठावा) आणि ‘लिब्रेशन’ यांची जोड लागते. ‘लिब्रेशन’ला कोशात ‘आंदोलन’ सापडेल, पण त्या शब्दाला आता दुसराच अर्थ चिकटला आहे. ‘हेलकावा’ जास्त नेमका. ८८ दिवसांच्या प्रदक्षिणेत बुधाचे फिरणे थोडे पुढे-मागे होते, ३८.५ कलासेकंदांनी, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ४५० मीटर. हा हेलकावा पृथ्वीवरून रडारने मोजला; तिथे ‘मोजला’ अगदी योग्य. बुध आतपर्यंत घट्ट असता तर तो निम्म्याहून कमी भरला असता. म्हणजे गाभ्याचा निदान बाहेरचा भाग द्रव आहे, आणि हेलकावे खाते ते फक्त प्रावरण व कवच.

२,४४० किमी त्रिज्येच्या ग्रहात सुमारे २,०२० किमीचा गाभा, हे मात्र ‘ताडलेले’ आहे. २०१२मध्ये परिबलाचा आकडा ०.३४६ निघाला, २०१९च्या विश्लेषणात ०.३३३, यान एकच. म्हणून ‘गाभा एवढा असावा असे ताडले’ असे लिहावे. फक्त ‘ताडून पाहणे’ इथे वापरू नका, त्याचा अर्थ तुलना करणे.

पुरवणी : गुरुत्व अपेक्षेपेक्षा किती वेगळे ते दाखवणाऱ्या ‘फ्री-एअर अनॉमली’चे ‘मुक्त-हवा विसंगती’ केले, तर हवा नसलेल्या बुधावर वाचक अडखळतो. तिथे उंचीचा हिशेब धरलेला असतो, उंचवट्यातल्या खडकाच्या ओढीचा नसतो. ‘उंची-दुरुस्त विसंगती’ लिहिले तर अर्थ सरळ पोचतो.

आणि ‘मोजणे’ यानावरच्या त्वरणमापीलाही शोभते, पण कशासाठी ते पाहा. बुधासाठीच पाठवलेल्या बेपीकोलंबो यानावर ‘इसा’ नावाचा त्वरणमापी आहे. तो प्रकाशाच्या दाबासारखे, गुरुत्व नसलेले धक्के मोजतो, म्हणजे ते हिशेबातून वजा करता येतात.