मूल कधी? वयाचे आकडे जोडप्यांना स्पष्ट सांगावेत की नाही?

मृण्मयी
नोकरी, घर, कर्ज यावर जोडपी तासन्‌तास बोलतात. "चान्स कधी घ्यायचा?" हा विषय निघाला की मात्र "बघू पुढे" म्हणून बाजूला पडतो. पुढे ढकलायचं तर खुशाल ढकला, पण काय ढकलतोय ते दोघांना माहीत हवं, असं माझं ठाम मत आहे.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात साधारण १० ते २० लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत ३-४ लाख उरतात. त्यातली जेमतेम चारशे-पाचशे आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरतात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या म्हणून ही गळती थांबत नाही. हा गैरसमज मी चांगल्या शिकलेल्या मैत्रिणींकडूनही ऐकलाय.

संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा. प्रत्येक बीज ती मुलगी आईच्या पोटात असल्यापासून विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेलं असतं. गुणसूत्रांना (क्रोमोसोम्सना) एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं वर्षं सरतात तशी सैल पडतात आणि मग वाटणी चुकते. म्हणून बाळाला डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने वाढीवर परिणाम होणारी स्थिती) असण्याची शक्यता पंचविशीत साधारण १२५० त १ असते, पस्तिशीत ३५० त १ आणि चाळिशीत १०० त १.

२०१५ मध्ये डच संशोधकांनी हिशोब मांडला होता. आयव्हीएफशिवाय (म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या उपचाराशिवाय) दोन मुलं होण्याची ९० टक्के खात्री हवी असेल, तर स्त्रीच्या २७ व्या वर्षी सुरुवात करावी लागते. एकच मूल हवं असेल तर ३२ व्या. हे आकडे किती जणांनी लग्नाआधी ऐकले होते?

शर्वरी
आकडे खरे असतील, पण ते कुणाच्या तोंडून कुणाला ऐकवले जातात ते बघा. तिशी ओलांडलेल्या बाईला हेच ऐकवून घाईत लग्न, घाईत मूल, घाईत नोकरी सोडणं गळ्यात मारलं जातं. आकडा तिला मदत म्हणून क्वचितच सांगितला जातो.

शिवाय "पस्तिशीनंतर तीनपैकी एकीला वर्षभरात दिवस जात नाहीत" हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते आलंय १६७० ते १८३० या काळातल्या फ्रान्समधल्या नोंदींवरून! ना अँटिबायोटिक, ना सोनोग्राफी. २००४ मध्ये युरोपातल्या आजच्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा संबंध ठेवणाऱ्यांमध्ये २७ ते ३४ वयाच्या ८६ टक्के स्त्रियांना वर्षभरात दिवस गेले, ३५ ते ३९ च्या ८२ टक्के. हा कडेलोट नाही, उतार आहे. आणि तुमच्याच डच हिशोबात निम्मी शक्यता चालणार असेल तर एका मुलासाठी ४१ हे वय येतं. ते तुम्ही लिहिलं नाहीत.

मृण्मयी
४१ चा आकडा द्यायला हवा होता, मान्य. पण निम्म्या शक्यतेवर कोणी जाणूनबुजून मुलाचा बेत आखत नाही. आणि ८२ टक्के हे दिवस जाण्याबद्दल आहे, मूल हातात येण्याबद्दल नाही. विशीत दहातला एखादा गर्भ आपोआप पडतो, चाळिशीत तीनातला एक किंवा त्याहून जास्त. ज्या बाईला हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, ती गर्भ पडल्यावर महिनोन्‌महिने स्वतःलाच दोष देते. "मी जिना चढले म्हणून का?" असं विचारत राहते. हे मी अगदी जवळून पाहिलंय. आकडे लपवून तिचं दुःख कमी होत नाही.

निरंजन
दोघींच्या वादात पुरुष कुठे आहे? वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचंही कारण असतं. वयाचं म्हणाल तर, शुक्राणू साधारण अडीच महिन्यांत नव्याने तयार होतात, म्हणून पुरुषाला वय लागू नाही असं धरून चालतात. पण नव्याने तयार होणं म्हणजेच पुन्हा पुन्हा नक्कल, आणि नकलेत चुका साचतात. २०१२ मध्ये आइसलँडच्या कुटुंबांवरच्या अभ्यासात दिसलं की बापाचं वय एका वर्षाने वाढलं की मुलात सरासरी दोन नवे जनुकीय बदल जास्त येतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, पण वयाचं घड्याळ पुरुषालाही आहे हे नक्की.

आमच्याकडे आधी सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या. गर्भनलिका (ट्यूब) मोकळ्या आहेत का ते बघायला डाय सोडून एक्स-रे काढतात, तेव्हा टेबलाची कड घट्ट धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. वीर्यतपासणीसाठी मला एक डबी भरून द्यायची होती, ती मात्र कुणी कित्येक महिने मागितलीच नाही. दोष निघाला माझ्या रिपोर्टमध्ये. मला त्याचा आजही राग येतो.

चिन्मय_के
आता आयव्हीएफ आहे, बीजं गोठवता येतात. एवढी चिंता कशाला? करिअर करावं, मग बघावं.

अवनी (एम्ब्रियॉलॉजी लॅब, म्हणजे आयव्हीएफचे गर्भ हाताळणारी प्रयोगशाळा)
चिन्मय, लॅबमध्ये काम करते म्हणून कळकळीने सांगते, आयव्हीएफ बीजाचं वय कमी करत नाही. चाळिशीतली स्त्री दात्या तरुणीचं बीज घेते तेव्हा यशाचं प्रमाण त्या तरुणीच्या वयाप्रमाणे येतं. गर्भाशयापेक्षा बीजाचं वय किती निर्णायक आहे ते यातून कळतं. गोठवणं चांगलं तंत्र आहे, पण गोठवलं त्या दिवशीच्या वयाचंच बीज मिळतं, आणि प्रत्येक बीज वितळवल्यावर टिकत नाही, टिकलेल्या प्रत्येकाचा गर्भ होत नाही.

आणखी एक. एएमएचचा (अंडाशयातल्या एका संप्रेरकाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट हातात धरून रडणाऱ्या तिशीतल्या मुली मी पाहते. एएमएच बीजांचा साठा किती याचा अंदाज देतं, दर्जाचा नाही. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या स्त्रिया घेतल्या होत्या. कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जाण्यात फरक दिसला नाही. नुसत्या त्या आकड्यावरून कोणी घाई करायला लावलं तर दुसरं मत घ्या.

शर्वरी
अवनी, अशी माहिती मला हवी आहे. मृण्मयी, माझा विरोध आकड्यांना नाही, ते फक्त बाईच्या हातात ठेवण्याला आहे. निरंजन यांचा प्रतिसाद वाचून हा विरोध आणखी पक्का झाला. लग्नाआधी सांगायचं तर दोघांना एकत्र बसवून सांगा, आणि मूल नको असणाऱ्यांना त्यातून वगळा.

मृण्मयी
दोघांना एकत्र, हे मान्य. "नंतर सांगू" मात्र मान्य नाही. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून डॉक्टरकडे जा, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी, चाळिशीनंतर लगेच. पाळी अनियमित असेल किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी बाहेर वाढण्याचा आजार) असेल तर कुठल्याही वयात थांबू नका.

निरंजन
आणि पहिल्याच भेटीत वीर्यतपासणी मागून घ्या. डॉक्टरांनी सांगायची वाट बघू नका.